जुन्या फोर-बाय-फोरचं एअर सस्पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर सस्पेन्शनची जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. गाडी बसते, कॉम्प्रेसर थांबत नाही, दिवा पेटतो, आणि गॅरेजवाला सगळंच बदलायला सांगतो. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बरीचशी रेंज रोव्हर पी-३८ (१९९४ ते २००२) या मॉडेलची आहेत, कारण तिची यंत्रणा एकदा समजली की एल-३२२ (तिच्यानंतरची रेंज रोव्हर), लँड रोव्हरचीच डिस्कव्हरी ३ किंवा फोक्सवॅगनची तुआरेग यांच्या यंत्रणा समजायला वेळ लागत नाही. सगळ्या उत्तरांमागे आग्रह मात्र एकच आहे: हवा कुठून जाते हे सापडेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

१. एअर सस्पेन्शनमध्ये नेमकं काय काय असतं?

कॉइल स्प्रिंगच्या जागी प्रत्येक चाकावर जाड रबराचा एक फुगा असतो. त्याला एअर स्प्रिंग म्हणतात. कुणी बेलो म्हणतं, कुणी एअर बॅग. गाडीचं वजन त्यात दाबून भरलेल्या हवेवर तोललेलं असतं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ड्रायरमध्ये ती कोरडी होते आणि टाकीत साठते. तिथून व्हॉल्व्ह ब्लॉक ती हव्या त्या चाकाकडे सोडतो किंवा चाकाकडची हवा बाहेर काढतो. प्रत्येक चाकाजवळचा हाइट सेन्सर तो कोपरा किती उंचावर आहे ते कळवतो, आणि हा सगळा हिशेब ईसीयू, म्हणजे यंत्रणेचा छोटा संगणक, ठेवतो. पी-३८ च्या टाकीत दाब साधारण १० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या दाबाच्या चौपट-पाचपट.

रेंज रोव्हरवर ही यंत्रणा १९९२ मध्ये आली. इतक्या वर्षांनी जे भाग दगा देतात ते बहुतेक रबराचे आणि प्लास्टिकचे असतात: बेलो, ओ-रिंग (जोडांमधल्या रबरी कड्या), कॉम्प्रेसरच्या पिस्टनची सील, नायलॉनचे पाइप. ते सगळे बदलता येतात. म्हणूनच ‘अख्खी यंत्रणाच बाद झाली’ हा निकाल कुणी पाहता क्षणी दिला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

२. संध्याकाळी नीट उभी केलेली गाडी सकाळी थोडी खाली दिसते. हा बिघाड समजायचा का?

किती खाली, त्यावर आहे. दुपारी ३० अंश तापमानात उभी केलेली गाडी पहाटे ५ अंशांना पाहिली, तर बेलोतल्या हवेचं आकारमान साधारण ८ टक्क्यांनी घटलेलं असतं. वजन तेच असल्यामुळे दाब फारसा बदलत नाही, हवा आकसते आणि गाडी एखाद-दोन सेंटिमीटर उतरते. ही गळती नाही. इंजिन सुरू केल्यावर गाडी स्वतःच वर येते.

रात्रीत एक कोपरा तीन-चार बोटं उतरला, किंवा गाडी थेट बंप स्टॉपवर (हवा गेल्यावर गाडी ज्यांवर टेकते त्या रबरी ठोकळ्यांवर) टेकली, तर मात्र गळती आहेच. आठवडाभर न हलवल्यावर बसत असेल तर गळती अगदी बारीक आहे. ती शोधा, पण घाईने रात्री-अपरात्री हात घालण्याइतकं ते निकडीचं नाही.

३. तपासणीसाठी गाडीखाली जाताना काय काळजी घ्यायची?

हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. या नियमाला अपवाद नाही. एखादा जुना पाइप सुटला तर काही सेकंदांत दोन-अडीच टनांचं धूड खाली येतं, आणि चाकाची कमान नि टायर यांच्यामध्ये हात असेल तर तो काढायलाही वेळ मिळत नाही. आधी चासीखाली भक्कम स्टँड लावा, मगच खाली जा. नुसता जॅक पुरेसा नाही.

जॅक लावण्यापूर्वी यंत्रणा निष्क्रिय करा. गाडी उचलली की चाक लोंबतं, सेन्सरला वाटतं कोपरा फार वर गेला, आणि ईसीयू त्या बेलोतली हवा सोडून देतो. मग गाडी खाली घेताना रिकाम्या बेलोची घडी चिमटते आणि फाटते. पी-३८ मध्ये एखादं दार उघडं ठेवलं तरी उंची बदलणं थांबतं, पण नुसत्या दारावर विसंबण्यापेक्षा फ्यूज किंवा रिले काढून ठेवणं बरं.

कोणताही पाइप सोडवण्याआधी स्कॅनरने, म्हणजे ईसीयूला जोडायच्या उपकरणाने (कोणतं ते प्रश्न १२ मध्ये), यंत्रणेतला दाब पूर्ण उतरवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

४. गळती कुठे आहे हे स्वतः कसं शोधायचं?

आधी मोजमाप. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त असली की ते आकडे फसवतात. पाच-सहा तासांनी पुन्हा मोजा. सर्वात जास्त उतरलेला कोपरा संशयित. (चारही कोपरे सारखेच उतरले तर आधी प्रश्न ५ वाचा, नाहीतर चुकीच्या जागी शोधत बसाल.)

मग साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचं दाटसर पाणी फवारणीच्या बाटलीत घ्या आणि गाडी सर्वात उंच पातळीवर नेऊन, स्टँड लावून, फवारायला लागा. उंच पातळी अशासाठी, की बेलोची खालची घडी पिस्टनवर (बेलोच्या तळाच्या नळकांड्यावर) जिथे वळते तिथेच रबर आधी तडकतं, आणि गाडी खाली असताना तो भाग आत दडलेला असतो. बेलोनंतर त्याच्या वरच्या टोकाला पाइप शिरतो तो जोड पाहा, मग पाइप चासीला जिथे घासतो त्या जागा, टाकीचे जोड, ड्रायरची दोन्ही टोकं आणि शेवटी व्हॉल्व्ह ब्लॉकवरचे सगळे पाइप. मोठी गळती लगेच फेस काढते. बारीक गळतीला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, आणि तेवढं थांबायचा कंटाळा केल्यामुळेच ती निसटते.

बाहेर कुठेच फेस आला नाही तर गळती व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आत असू शकते: हवा एका खोलीतून दुसरीत जाते आणि एक्झॉस्टच्या तोंडातून (इंजिनाच्या नव्हे, याच यंत्रणेची हवा सोडणाऱ्या) बाहेर पडते. त्या तोंडाला पातळ नळी जोडून तिचं टोक पाण्यात बुडवा. गाडी बंद असताना बुडबुडे येत राहिले तर उत्तर मिळालं.

तरीही शंका उरली तर संशयित चाकाचा पाइप ब्लॉकवरून सोडवा, त्याच्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व्ह बसवा, पंपाने हवा भरा आणि रात्रभर ठेवा. कोपरा तसाच राहिला तर दोष ब्लॉकचा. उतरला तर पाइपचा किंवा बेलोचा. ही कसोटी मला सर्वात खात्रीची वाटते, कारण इथे अंदाजाला जागाच उरत नाही.

५. मेकॅनिक म्हणतो एकाच चाकाची हवा जाते, पण गाडी तर चारही बाजूंनी सारखी बसते. हे कसं शक्य आहे?

मेकॅनिक बरोबर असू शकतो. पी-३८ चा ईसीयू इग्निशन बंद असतानाही ठरावीक तासांनी जागा होतो आणि चारही सेन्सर तपासतो. एक कोपरा खाली गेलेला दिसला की गाडी तिरपी राहू नये म्हणून तो बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांना त्याच्या बरोबरीला आणतो. काही तासांनी पुन्हा तेच. सकाळपर्यंत गाडी सारखी बसलेली असते आणि मालकाला वाटतं, चारही बेलो गेले. चार नवे बेलो घेऊनही गाडी बसतच राहिली, अशा तक्रारींमागे बहुधा हेच असतं.

उपाय सोपा आहे. ईसीयूला जागं करणारा टायमर रिले डाव्या पुढच्या सीटखाली असतो. तो काढा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. आता ज्या चाकाची हवा खरंच जाते तेवढाच कोपरा खाली जाईल. इतर गाड्यांतही अशी आपोआप पातळी साधण्याची सोय असते. तिथे सस्पेन्शनचा फ्यूज काढून हीच चाचणी करता येते.

६. बेलो बाहेरून चांगले दिसतात. कधी बदलायचे, आणि एकच बदलला तर चालेल का?

बाहेरून दिसणारा भाग शेवटी खराब होतो. खरी परीक्षा घडीची. गाडी उंच पातळीवर नेली की घडीच्या जागी जाळीसारख्या बारीक चिरा दिसतात. वरवरच्या चिरा असतील तर लक्ष ठेवा. चिरेतून आतला धागा दिसायला लागला तर त्या बेलोवर लांबचा प्रवास करू नका.

एक फुटला तर निदान त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला. दोघांचं वय एकच असतं, आणि दुसऱ्याची पाळी फार लांब नसते. पुढचे गेले म्हणून मागचेही बदललेच पाहिजेत असं नाही. मागचे स्वतंत्र तपासा.

पी-३८ मध्ये बेलो आणि शॉकअप वेगळे आहेत, त्यामुळे बेलो बदलणं तुलनेने सोपं. डिस्कव्हरी ३ मध्ये दोन्ही एकाच नगात येतात. कोणत्याही गाडीत नवा बेलो बसवल्यावर आधी त्यात हवा भरायची आणि मगच गाडीचं वजन त्यावर द्यायचं. रिकाम्या बेलोवर वजन आलं तर पहिल्याच दिवशी घडी वेडीवाकडी पडते.

७. कॉम्प्रेसर सतत चालू राहतो. तो खराब झालाय का?

तो बहुधा अजून चांगला आहे, पण असाच चालू राहिला तर नक्की खराब होईल. हे उत्तर या पानावरचं सर्वात महत्त्वाचं आहे.

हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून बराच वेळ विश्रांती घेण्यासाठी बनवलेला असतो. गळती असली की टाकी भरत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही, पिस्टनभोवतीची सील तापून झिजते, मग तो कमी हवा देतो, आणि म्हणून आणखी जास्त वेळ चालतो. शेवटी तो जळतो, मालक नवा बसवतो, आणि गळती तशीच असल्याने नवाही त्याच वाटेने जातो. जळालेला कॉम्प्रेसर समोर दिसतो, गळती दिसत नाही, म्हणून दोष कॉम्प्रेसरवर येतो.

गळती नाही याची खात्री केल्यावरच कॉम्प्रेसर तपासा. त्याच्या तोंडावर दाबमापक लावून किती दाब देतो ते पाहा. पी-३८ ची रिकामी टाकी भरायला धडधाकट कॉम्प्रेसरला साधारण दहा मिनिटं लागतात. त्याच्या दुप्पट वेळ होऊनही दाब चढत नसेल तर सील झिजली आहे. पी-३८ मध्ये सीलचं किट मिळतं आणि ते बसवणं घरी जमण्यासारखं आहे, अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नाही. डिस्कव्हरी ३ मध्ये ‘सी१ए२०’ हा दोषाचा कोड याच कुटुंबातला: टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय. तो दिसला म्हणजे कॉम्प्रेसरच गेला असं नाही, गळतीमुळेही तोच कोड येतो.

आणखी एक शक्यता. पी-३८ च्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये एक रबरी पडदा असतो, तो डायफ्राम फाटला तर कॉम्प्रेसरची हवा टाकीत न जाता थेट बाहेर पडते. गळती सापडत नाही, कॉम्प्रेसर ठीक आहे, तरी दाब वाढत नाही, असं असेल तर हा पडदा पाहा.

८. कॉम्प्रेसर अजिबातच सुरू होत नाही. कुठून सुरुवात करू?

फ्यूजपासून. मग रिले. रिले आतून चिकटला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही, आणि त्याचे संपर्क जळाले तर सुरू होत नाही; म्हणून कॉम्प्रेसर बदलताना रिलेही बदलून टाकावा. ती किरकोळ वस्तू आहे.

दोन्ही ठीक असतील तर कॉम्प्रेसरच्या मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन बघा. फिरली तर दोष आधीच्या वायरिंगमध्ये, दाबाच्या स्विचमध्ये किंवा ईसीयूकडे आहे. नाही फिरली तर ब्रश संपले आहेत किंवा मोटर जळली आहे. आत एक थर्मल स्विच असतो, तो कॉम्प्रेसर तापला की विद्युतप्रवाह तोडतो. तेव्हा गाडी नुकतीच बराच वेळ हवा भरत होती का हे आठवा. तसं असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या. पुन्हा सुरू झाला तर प्रश्न ७ कडे जा, कारण तो तापलाच का हा खरा प्रश्न आहे.

एक विसरू नका: टाकी भरलेली असताना कॉम्प्रेसर सुरू न होणं हेच बरोबर आहे.

९. ड्रायर काय करतो? तो बदलायची वेळ आली हे कसं कळतं?

हवेत बाष्प असतं. हवा दाबली की त्याचं पाणी होतं, आणि ते व्हॉल्व्हमध्ये गेलं तर गंज, चिकटणं आणि थंडीत गोठणं हे सगळं मागोमाग येतं. ड्रायरमधले दाणे ते बाष्प शोषून घेतात. गाडी खाली उतरताना बाहेर जाणारी कोरडी हवा उलट दिशेने त्याच दाण्यांतून जाते आणि त्यांना पुन्हा कोरडं करते. गळती असलेल्या गाडीत हवा भलत्याच वाटेने निघून जाते, दाणे कोरडे व्हायची संधीच मिळत नाही. म्हणजे ड्रायरचाही घात गळतीच करते.

टाकीचा दाब पूर्ण उतरवून तिचा खालचा प्लग काढा. पाणी आलं तर ड्रायर संपला. एक्झॉस्टच्या तोंडाशी किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये पांढरट भुकटी दिसली तर दाणे फुटून त्यांची पूड पुढे गेली आहे. तेव्हा ड्रायर बदलून भागणार नाही, ब्लॉकही उघडून साफ करावा लागेल.

१०. गाडी वर जाते पण खाली येत नाही. किंवा उलट: खाली येते पण वर जात नाही.

दोन वेगळी दुखणी आहेत.

खाली येत नसेल तर हवा बाहेर जायची वाट अडली आहे: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, डायफ्राम किंवा एक्झॉस्टचा सायलेन्सर. अगदी सावकाश उतरत असेल तर सायलेन्सर चोंदल्याचा संशय पहिला.

वर जात नसेल तर आधी टाकीत दाब आहे का ते पाहा. नसेल तर प्रश्न ७ आणि ८. दाब असूनही हलत नसेल तर दारं तपासा. पी-३८ मध्ये दार उघडं असल्याचा संदेश मिळाला की यंत्रणा उंची बदलत नाही, आणि दाराच्या लॉकमधला बारीक स्विच बिघडला की बंद दारही तिला उघडं वाटतं. आतला दिवा विझत नसेल किंवा दार बंद असूनही सूचना येत असेल तर सस्पेन्शन सोडून दाराचं लॉक दुरुस्त करा. फक्त एकच कोपरा हलत नसेल तर त्या चाकाचा व्हॉल्व्ह किंवा तो उघडणारी विजेची कॉइल. ब्लॉकवरचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हना वीज पुरवणारं छोटं इलेक्ट्रॉनिक खोकं, गेलं तर अनेक कोपरे एकदम बंद पडतात.

११. सरळ रस्त्यावरही गाडी स्वतःहून वर-खाली करत राहते, किंवा एक कोपरा कायम वाकडा दिसतो.

हाइट सेन्सर. रेडिओचा आवाज वाढवायची जुनी फिरकी जशी झिजून खरखर करते, तसा या सेन्सरच्या आतला पट्टा झिजतो. गाडी बहुतेक वेळ एकाच उंचीवर चालते, म्हणून पट्ट्यावरची तीच एक जागा घासली जाते आणि नेमकी तिथेच चुकीची खूण मिळते. ईसीयू ती खरी धरून हवा भरतो, मग सोडतो, पुन्हा भरतो.

स्कॅनरवर चारही सेन्सरचे आकडे बघत गाडी हळूहळू खालून वर न्या. आकडे सलग बदलायला हवेत. मध्येच उडी मारली तर तो सेन्सर बाद. सेन्सर बदलण्याआधी त्याचा प्लग उघडून पाहायला विसरू नका. हे भाग चिखल-पाण्यात असतात आणि हिरवी पडलेली पिनही हुबेहूब हीच लक्षणं दाखवते.

सेन्सर बदलल्यावर उंची पुन्हा जुळवावी लागते. गाडी सपाट जागेवर उभी करून, बंप स्टॉप आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये मोजलेल्या उंचीचे ठोकळे ठेवून, स्कॅनरने त्या उंचीची नोंद ईसीयूमध्ये करायची असते. हे टाळून नुसता सेन्सर बसवला तर कोपरा वाकडाच राहतो आणि चांगला सेन्सर नाहक बदनाम होतो.

१२. डॅशबोर्डवर ‘ईएएस फॉल्ट’ (ईएएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन) आलं आणि गाडी पूर्ण खाली बसली. बटणांचा काहीच उपयोग होत नाही.

याला कायमचा दोष म्हणतात. ईसीयूला एखादी अशी विसंगती दिसली की ज्यावर भरवसा ठेवून गाडी उंच ठेवणं धोक्याचं, तर तो सगळ्यांची हवा सोडतो, गाडी बंप स्टॉपवर टेकवतो आणि पुढचं काम थांबवतो. काही गाड्यांवर वेगमर्यादेचीही सूचना येते. इंजिन बंद-चालू केल्याने किंवा बॅटरी काढून हा दोष जात नाही. कोड वाचून पुसावा लागतो.

पी-३८ ला सर्वसाधारण ओबीडी स्कॅनर (इंजिनाचे कोड वाचणारा) सस्पेन्शनपुरता उपयोगी नाही. तिच्या ईसीयूशी बोलणारं खास उपकरण किंवा संगणकावर चालणारं ‘ईएएस अनलॉक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि त्याची केबल लागते. जुनी गाडी ठेवायची असेल तर ही केबल टूलकिटमध्ये असावीच.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पुसला, गाडी वर आली, की लोक निश्चिंत होतात आणि मूळ कारण तसंच राहतं. ते पुन्हा येणारच, तेव्हा हाताशी निदान पहिला कोड असू द्या.

१३. बॅटरीचा सस्पेन्शनशी काय संबंध?

थेट संबंध आहे. व्होल्टेज घसरलं की सेन्सरचे आकडे बिघडतात, व्हॉल्व्ह नीट उघडत नाहीत आणि ईसीयू नसलेले दोष नोंदवतो. एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड दिसले तर आधी बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. तेवढं नसेल तर आधी ते नीट करा, कोड पुसा, मग बघा काय उरतं.

१४. रस्त्यात हवा गेली तर गाडी चालवत न्यावी का?

बंप स्टॉपवर हळू आणि थोडं अंतर नेता येते. पण शॉकअपला हलायला जागा उरत नाही, प्रत्येक खड्डा चासीपर्यंत पोचतो, ब्रेक लावताना गाडी नेहमीसारखी वागत नाही, आणि रिकामे बेलो चिमटून फाटतात. टायर कमानीला घासत असेल तर मुळीच चालवू नका.

दूरवर, गॅरेज नसलेल्या भागात जाणाऱ्यांनी आधीच तयारी करावी. प्रत्येक चाकाच्या पाइपवर टी-जोड देऊन टायरसारखा व्हॉल्व्ह बसवता येतो. व्हॉल्व्ह ब्लॉक किंवा ईसीयू बंद पडला तरी ब्लॉककडची वाट बंद करून टायरच्या पंपाने चारही बेलो भरता येतात आणि घरी पोचता येतं. मात्र बेलोच फाटला असेल तर याचा उपयोग नाही, म्हणून लांबच्या प्रवासात एक बेलो सोबत असावा.

१५. गळती बंद करणारं द्रव टाकून काम होईल का?

नाही. ते गळतीपर्यंत पोचण्याआधी व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या बारीक वाटांमध्ये सुकतं. एका ओ-रिंगचं काम अख्ख्या ब्लॉकवर जातं.

१६. व्हॉल्व्ह ब्लॉक घरी उघडता येतो का?

पी-३८ चा येतो, आणि या गाडीवर करण्यासारखं याहून समाधान देणारं काम क्वचितच असेल. ओ-रिंगचं पूर्ण किट घ्या, सगळ्या एकदम बदला. एक गळते म्हणून एकच बदलली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. स्वच्छ टेबल, भरपूर उजेड, आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो. ग्रीस सिलिकॉनचं किंवा रबरासाठीचंच वापरा; साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं.

पाइप काढताना आधी तो आत दाबा, मग कॉलर दाबून धरा आणि पाइप ओढा. नुसता ओढलात तर पकड आणखी घट्ट होते आणि पाइपवर ओरखडे उठतात. पुन्हा बसवण्याआधी ओरखडे उठलेलं टोक धारदार पात्याने काटकोनात काही मिलिमीटर कापून टाका. तिरका काप किंवा ओरखडा राहिला तर नवी ओ-रिंगही गळते.

१७. थंडीच्या दिवसांत सकाळी दोष येतो, दुपारी आपोआप जातो. मग दुरुस्ती करायची तरी कशाची?

दोन कारणं असतात. पारा शून्याखाली जात असेल तर व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठतं; तेव्हा ड्रायर आणि टाकी (प्रश्न ९). तेवढी थंडी नसेल तर जुनी, कडक झालेली ओ-रिंग गारठ्यात आकसते, गळते, आणि ऊन लागलं की पुन्हा जागेवर बसते. अशी गळती दुपारी शोधून सापडणार नाही. साबणाचं पाणी घेऊन पहाटेच बाहेर पडावं लागतं.

१८. सगळं काढून कॉइल स्प्रिंग बसवून टाकू का?

पी-३८ साठी तशी किट मिळतात आणि त्यावर गाडी चालते. हवेची चिंता संपते, हे खरं. पण बदल्यात जातं काय ते नीट पाहा. सामान भरल्यावर किंवा ट्रेलर जोडल्यावर मागची बाजू सावरणारी यंत्रणा जाते, चढ-उतारासाठी खाली येणं जातं, खडकाळ वाटेवर मिळणारी वाढीव उंची जाते, आणि ज्या मऊ चालीसाठी ही गाडी घेतली ती चालही बदलते. शिवाय ईसीयूला गप्प करावं लागतं, नाहीतर दोषाचा दिवा कायम पेटलेला राहतो. एल-३२२ किंवा डिस्कव्हरी ३ सारख्या गाड्यांत तर हे आणखी किचकट, कारण तिथे सस्पेन्शन बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गुंतलेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे: गळती न शोधता केलेलं कॉइलचं काम म्हणजे निदान टाळणं. नवे बेलो, ओ-रिंगचं किट, कॉम्प्रेसरची सील आणि नवा ड्रायर एवढं एकदा नीट केलं तर ही यंत्रणा वर्षानुवर्षं त्रास देत नाही. त्यानंतरही गाडी कुठेतरी दूर, जिथे काहीच सुटे भाग मिळत नाहीत अशाच भागात वापरायची असेल, तर मात्र कॉइलचा निर्णय मी योग्य मानेन.

१९. माझ्या गाडीत एअर सस्पेन्शन आहे असं सांगून विकली, पण खाली तेल सांडतंय. हे काय?

मग ते एअर सस्पेन्शन नाही. टोयोटा लँड क्रूझर १०० च्या काही गाड्यांत उंची बदलणारी यंत्रणा आहे, पण ती तेलाच्या दाबावर आणि नायट्रोजन भरलेल्या गोळ्यांवर चालते. वरचं निदान तिला लागू नाही.

असे आणखी काही अपवाद आहेत. डिस्कव्हरी २ मध्ये हवेचे बेलो असतात तेव्हा ते फक्त मागे. पुढे साधी कॉइल असते. लेक्सस जीएक्स ४७० मध्येही मागेच. जीप ग्रँड चेरोकीच्या २०११ नंतरच्या पिढीतली क्वाड्रा-लिफ्ट यंत्रणा बंदिस्त असून तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो; तिथे साधा पंप लावून बाहेरची हवा भरू नका.

२०. गाडी ट्रकवर चढवून पाठवायची आहे. काही वेगळं करायचं का?

बांधायचे पट्टे चासीला नाही, चाकांना लावा. चासीला बांधलेली गाडी वाटेत थोडी बसली की पट्टे ढिले पडतात, आणि गाडी ट्रकवर हलायला लागते. बांधण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढा, म्हणजे वाटेत ईसीयू जागा होऊन उंची बदलणार नाही.

बरेच महिने उभी ठेवायची असेल तर चासीखाली स्टँड लावून ठेवा, म्हणजे हवा गेली तरी बेलो दाबले जाणार नाहीत. आणि परत रस्त्यावर आणल्यावर, विशेषतः एल-३२२ किंवा डिस्कव्हरी ३ सारख्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत, व्हील अलाइनमेंट करून घेणार असाल तर आधी उंची नेहमीच्या पातळीवर आहे का ते टेपने मोजा. एक कोपरा दोन सेंटिमीटर खाली असताना जुळवलेली चाकं गाडी सरळ झाली की पुन्हा वाकडी होतात.